मासा किलोत मोजू नका

नदीतले मासे कुणी संपवले, एवढा एकच प्रश्न आमच्या गावच्या पारावर टाकावा आणि गंमत बघत बसावं. धरणात जमीन गेलेला म्हणेल, धरणानं. धरणाखालचा बागायतदार म्हणेल, कारखान्याच्या मळीनं. कारखान्यातला म्हणेल, शहराच्या गटारानं. शहरातून शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारा म्हणेल, गावकरी अडाणी, बारकी पिल्लंसुद्धा सोडत नाहीत. आणि गावकरी? ते हनुवटीनं ओढ्याकडं खूण करतील. तिथं एखादा कातकरी गळ टाकून बसलेला असतो. वरून खाली सरकत आलेलं बोट शेवटी ज्याच्याकडं उलटून बोलायची सोय नाही त्याच्यावर येऊन थांबतं.

मला या सगळ्यांशी भांडायचं आहे. कारण यातला प्रत्येकजण चार आणे खरं बोलतो आणि त्या चार आण्यांच्या आड स्वतःचे बारा आणे दडवतो.

आमचं गाव नीरेच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाच्या अलीकडच्या खोऱ्यात. हीच नीरा पुढं जाऊन माउलींच्या पादुकांना स्नान घालते आणि नरसिंहपूरला भीमेला मिळते. खाली तिला मान आहे, पालखी आहे, उसाचे मळे आहेत. वर आमच्याकडं ती नुसता मोठा ओढा आहे. दगडागोट्यांतून उड्या मारत येते, मध्ये डोह, पुन्हा धार, पुन्हा डोह. आमचे मासे या धार आणि डोहाच्या जोडीवर जगतात. सपाटीच्या माणसाला वाटतं मासा म्हणजे पाणी असलं की झालं. तसं नाही.

मळ्या घ्या. बोटाएवढा मासा, हनुवटीखाली चकती असते. त्या चकतीनं तो दगडाला असा चिकटतो की पुराची धार अंगावरून गेली तरी हलत नाही. दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याला दगड पाहिजे, स्वच्छ पाहिजे, आणि वरून पळतं पाणी पाहिजे. मुरा गोट्यांच्या खाली राहतो, वाम कपारीत. शिंगटीला डोहाचा गाळ चालतो, पण काटा असा मारते की हात दिवसभर ठणकतो. मरळ पिल्लं राखत पाण्यात उभी असते, नर आणि मादी दोन्ही. आणि या सगळ्यांची थोरली म्हणजे खडशी. कुणी खुदरी म्हणतं, पेपरवाले महाशीर लिहितात. खवला रुपयाच्या नाण्याहून मोठा. ती राहते खोल डोहात. अंडी घालायला मात्र तिला चढावरची गोट्यांची उथळ जागा आणि वाहतं पाणी लागतं. अंडी गोट्यांच्या फटीत बसतात. फटीत गाळ भरला की अंडी गुदमरली.

आमच्या बायका बाळंतपणाला माहेरी जायच्या तसं आहे हे. डोह सासर, वरची धार माहेर. मधला रस्ता बंद केला तर सासर कितीही भरलेलं असो, काय उपयोग?

काही वर्षांमागं पुण्याच्या एका कॉलेजातले सर आमच्या ओढ्यावर मासे मोजायला आले होते. त्यांच्याकडून एक गोष्ट कळली ती मला अजून सोडत नाही. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज कंपनी सरकारच्या चाकरीत दख्खनच्या मुलखात फिरला. त्यानं इथल्या नद्यांचे मासे काढले आणि त्यांची शास्त्रातली नावं १८३९ साली छापून आणली. नावं कुठून घेतली? आपल्या लोकांच्या तोंडून. मळ्या शास्त्रात मळ्याच आहे. मुरा, शिंगटी, कोळस, नकटा, खुदरी, सगळी नावं मराठीच. कुठल्या भोयानं, कुठल्या कोळ्यानं काठावर उभं राहून सांगितली असतील, त्यांची नावं कुठं नाहीत, पण त्यांचे शब्द जगभरच्या पुस्तकांत आहेत. आणि खुदरी त्यानं कुठली धरून लिहिली? पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतली. आज त्या जागी नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहता येत नाही. नकटा त्याला इंद्रायणीत दिसला होता. मी नकटा लहानपणी दोनदा पाहिला, त्यानंतर नाही. माझ्या नातवाला हे शब्द माहीत नाहीत. त्याला ‘चिलापी’ माहीत आहे.

आता दारं कशी बंद झाली ते बघा, म्हणजे कुणाचे किती आणे ते कळेल.

भाटघरचं धरण वेळवंडीवर १९२८ साली पुरं झालं. वेळवंडी ही नीरेचीच एक शाखा. ते दार इंग्रजाच्या काळात लागलं. माझे वडील सांगायचे, तरीही नीरेला मासा कमी नव्हता. का? कारण नीरेची मूळ धार मोकळी होती. खालून चढून येणाऱ्या माशाला उजवीकडं भिंत लागली तर तो डावीकडं वळत होता. मग साठच्या दशकात खाली वीरचं धरण झालं. आता खालचा मासा वर येईना. पण वीर ते घाट एवढा पट्टा तरी सलग होता. मग आमच्या डोक्यावर नीरा-देवघर झालं. आता वर जे राहिलं ते वरच अडकलं, खाली राहिलं ते खालीच. त्या वरच्या पट्ट्यातही प्रत्येक ओढ्याला सिमेंटचा बंधारा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढायच्या असतात, काढल्या तर मासा निघून जातो. सिमेंटच्या भिंतीला फळीच नाही. जूनमध्ये त्या भिंतीखाली उभं राहून बघा, चढणीचे मासे उड्या मारून मारून भिंतीवर आपटतात आणि खाली माणसं पाट्या घेऊन उभी असतात.

म्हणजे एका ओढ्यातल्या मळ्याची दुसऱ्या ओढ्यातल्या मळ्याशी सोयरीक तुटली. एका ओढ्यात एखाद्या उन्हाळ्यात सगळा मासा मेला तर पूर्वी शेजारच्या ओढ्यातून पुढच्या पावसात पुन्हा येत होता. आता कुठून येणार? एकदा गेला तो गेला.

धरणाचं आणखी एक आहे, त्यावर कुणी बोलत नाही. धरणानं नदीचं घड्याळ फिरवलं. माशाला वर चढायचा इशारा मृगाचा पहिला लोंढा देतो, गढूळ, मातीच्या वासाचा. धरणाखाली तो लोंढा येतच नाही, कारण जून-जुलैत धरण भरून घेतात. आणि उन्हाळ्यात, जेव्हा मासा डोहात गप बसायचा, तेव्हा कालव्यासाठी पाणी सोडतात, तळातलं, गारगार, एकाएकी. चार दिवसांनी दार पाडतात की पात्र उघडं. जे उथळावर गेले ते तिथंच तडफडतात. मी पाटाच्या पाण्याच्या विरोधात नाही. खालच्या शेतकऱ्याला पाणी लागतं, त्याच्या पोटावर मी का उठू? पण दार पाडायचं ते हळूहळू पाडा आणि पात्रात थोडी धार बारा महिने ठेवा, एवढं मागितलं तर कुणाचा ऊस वाळत नाही.

आता दुसरा हिस्सेदार, दगड-वाळूवाला. खाली वाळू जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पेपरात येतं, डंपर पकडतात. वर आमच्याकडं गोटे जातात. रस्त्याच्या कामाला, फार्महाऊसच्या कुंपणाला, बागेत शोभेला. डोंगर कापून प्लॉट पाडले, त्याची माती ओढ्यात लोटली. दगड वर गेला, माती खाली आली. मळ्याला चिकटायला जागा नाही, मुऱ्याला लपायला नाही, खडशीच्या अंड्याला फट नाही.

मग आली चिलापी. पुस्तकातलं नाव तिलापिया. आफ्रिकेतला मासा, १९५२ साली भारतात आणला. मादी अंडी तोंडात धरून राखते, वर्षातून किती वेळा वितेल त्याला गणती नाही. खाणाऱ्याला काटे कमी, विकणाऱ्याला फुकट. तिच्यावर माझा राग नाही, ती बिचारी आपल्या स्वभावानं जगते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चिलापी धारेत टिकत नाही. तिला साचलेलं, कोमट, थोडं घाण पाणी मानवतं. नदी जोवर पळत होती तोवर चिलापीची आमच्या दगडाधोंड्यांत डाळ शिजली नसती. धरणानं पाणी साचवलं, प्लॉटिंगनं गाळ आणला, संडासाच्या पाइपानं शेवाळ वाढवलं, आणि मग तिला म्हटलं ये, घर तयार आहे. चिलापीनं मासे संपवले म्हणणारा खोटं बोलत नाही. तिला दार कुणी उघडलं तेवढं गाळतो.

हेच मला ओरडून सांगायचं आहे. ही कारणं एकापुढं एक मांडून बेरीज करायची नाहीत. एक दुसऱ्याला पाजून मोठं करतं. औषधाचा जो डबा भरल्या नदीत नुसता वाहून गेला असता, तोच डबा आटलेल्या डोहात शंभर टक्के मारतो.

औषधाचं निघालंच आहे तर आम्हा शेतकऱ्यांचीही बाजू मांडतो, आणि ती स्वच्छ नाही. भातखाचरात पूर्वी लावणीनंतर मासा चढायचा, बेडूक असायचे, खेकडे असायचे. आता तणनाशक मारून खाचर मोकळं केलं जातं, पहिल्या जोराच्या पावसात ते पाणी बांध फोडून ओढ्यात. फवारणीचे पंप ओढ्यात धुतले जातात. मजूर मिळत नाही, बेणणी परवडत नाही, हे सगळं खरं. पण मग कारखान्याच्या मळीवर मोर्चा काढताना हेही सांगावं लागेल. मळी एका रात्रीत मारते म्हणून फोटो येतो, काठावर पांढऱ्या पोटाची रांग. खाचराचं पाणी पिल्लं मारते. पिल्लांचा फोटो येत नाही.

आणि ‘तोटा’. सुरुंगाची कांडी आमच्या भागात विहिरीच्या आणि रस्त्याच्या कामाबरोबर आली. डोहात टाकली की दहा किलो वर तरंगतो, वीस किलो तळाला कुजतो. नंतर विजेच्या खांबावरून आकडा टाकून पाण्यात करंट सोडायचं निघालं. त्यानंतर टीसीएल पावडर. गावच्या विहिरीत टाकायला सरकार देतं ती, पोरं ओढ्यात टाकतात. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं हा गुन्हा आहे, आणि तो आजचा नाही, १८९७ च्या कायद्यापासून आहे. सव्वाशे वर्षांच्या त्या कायद्याखाली आमच्या खोऱ्यात कुणाला बेडी पडलेली मी तरी पाहिली नाही.

आता सांगा, कांडी कुणाजवळ असते? ज्याचं ठेकेदाराशी खातं आहे त्याच्याजवळ. करंटची वायर आणि मोटारसायकल कुणाकडं? कातकऱ्याकडं वायर नाही हो, त्याच्या खोपीत बल्बसुद्धा नाही. तो गळ टाकतो, बायका-पोरं टोपलीनं उपसतात. पूर्वी वनस्पतीनं पाणी मातवायचे, हेही खरं. पण त्याचे बाप-आजे शेकडो वर्षं हेच करत होते आणि खडशी होती. मग आजच त्याच्या गळानं नदी रिकामी कशी झाली? ज्याला रोजचं कोरड्यास नदीतून काढावं लागतं त्याच्याइतकं नदी टिकण्याचं कुणाला पडलेलं असणार! मासा संपला तर आम्ही बाजारातून बोंबील आणू, त्याची हंडी मात्र रिकामी राहते.

यावर वरून उत्तर येतं, काळजी करू नका, मत्स्यबीज सोडलं आहे. दरवर्षी धरणात पिशव्या रिकाम्या करतात, फोटो निघतो. रोहू, कटला, मृगळ. हे मासे गंगेकडचे. तळ्यात वाढवावेत, विकावेत, शेतकऱ्याला जोडधंदा होतो, माझी हरकत नाही. पण नंतर कागदावर येतं की मासळीचं उत्पादन वाढलं. आणि तिथंच माझं टाळकं फिरतं. किती टन झालं? इतके टन. ते टन कशाचे? चार जातींचे. त्याआधी तिथं काय होतं? कोळस, नकटा, खडशी, मळ्या, मुरा, आणखी किती बारीकसारीक, ज्यांना बाजारात भाव नव्हता म्हणून कुठल्याच वहीत त्यांची नोंद नव्हती. वहीत नव्हते म्हणून गेले तेही वहीत नाही. रानातली शंभर जातींची झाडं तोडून सलग निलगिरी लावली आणि म्हटलं लाकूड वाढलं, तसं हे. लाकूड वाढतं. रान राहात नाही.

आमच्याच आंबेमोहोराचं उदाहरण घ्या. पोत्यांच्या हिशोबात तो केव्हाच हरला होता. तरी आता पुण्या-मुंबईची माणसं दुप्पट भाव देऊन तो शोधत येतात. बियाणं चार म्हाताऱ्यांनी कणग्यात राखलं म्हणून तो परत पेरता तरी आला. माशाचं बियाणं कणगीत राहत नाही.

मग कुणी शहाणा म्हणतो, आपलीच खडशी पैदा करून सोडा. तेही झालेलं आहे. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकापासून खडशीची पिल्लं तयार केली, मनापासून केली, आणि हजारोंनी ठिकठिकाणी पाठवली. त्यातली काही दक्षिणेत कावेरीत गेली. कावेरीत तिची स्वतःची वेगळी खडशी होती, पाठीवर उंच मदार असलेली, जगात दुसरीकडं कुठं नाही अशी. आपली तिथं माजली आणि तिथली मूळची आज संपायच्या कडेला आहे. नेणाऱ्याची नियत चांगली होती. पण नदीला नियत कळत नाही. एका घरची सून दुसऱ्या घरात नेऊन घातली की तिथली घरातली बाहेर पडते. म्हणून पिशवीतलं बी हे औषध नाही. आहे त्या नदीत आहे तो मासा वाचवा.

आणि आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात वरदायिनीचे मासे आहेत, कुणी हात लावत नाही. वाड्याकडं तिळशाला वैतरणेत महादेवाचे आहेत. लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि मासे काठाशी येऊन खातात. आमच्या गावाला असा एक देवाचा डोह आहे. तिथं गळ टाकायचा नाही हे सांगायला कधी पाटी लावावी लागली नाही. शिकलेले हसतात, अंधश्रद्धा म्हणतात. म्हणोत. कायद्यानं जे झालं नाही ते देवाच्या धाकानं टिकलं. पण देवाचा डोह म्हणजे फक्त सासर, हे मघाशी सांगितलं. वरची धार मोडली तर देवाच्या दारातली खडशी वांझ म्हातारी होऊन मरेल.

ती धार मोडायचं आता ठरलं आहे. आमच्या ओढ्याचं खोलीकरण मंजूर झालंय. देवाच्या डोहाच्या वर दीड कोस ओढा मशीननं खणायचा, तळाचे कातळ फोडायचे, गोटे काठाला लावायचे, मध्ये तीन सिमेंट बंधारे. कागदावर लिहिलंय, पाणीसाठा वाढेल. कोरड्या भागात, मातीच्या नाल्यात गाळ काढला तर पाणी वाढतं, मी मान्य करतो. पण इथं पावसाळ्यात रोज आभाळ फाटतं आणि खाली सगळा काळा कातळ आहे. कातळ फोडून मुरवणार काय? हौद होईल एक लांबलचक. त्यात मार्चपर्यंत पाणी हिरवं होईल आणि मेमध्ये चिलापी. उन्हाळ्यात आमच्या विहिरी आटतात त्या ओढा उथळ आहे म्हणून नाही, वरचं रान गेलं म्हणून. रान राखायला मशीन लागत नाही, आणि मशीन लागत नाही त्या कामाचं बिल निघत नाही.

ग्रामसभेत मी हे बोललो तर एक तरुण पोरगा म्हणाला, "तात्या, माणसाला प्यायला पाणी न्हाय आन् तुम्हाला माशाची पडलीय." टाळ्या पडल्या. त्याला मी विचारलं, "तुझ्या घरची विहीर ओढ्यापासून किती हात?" म्हणाला, "चाळीस." "तिच्यातलं पाणी उकळून पिता का तसंच?" "तसंच." मग त्याला एवढंच म्हटलं की बाबा, ज्या पाण्यात मळ्या जगतो तेच पाणी तू न उकळता पितोस. तो मेला की तुला फिल्टर घ्यावा लागेल, आणि त्याचा हप्ता मासे भरणार नाहीत. पोरगा चिडला नाही, गप झाला. सभा संपल्यावर माझ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आला.

माझं मागणं फार नाही. डोहाच्या वरचा दीड कोस सोडा. बंधारा बांधायचाच असेल तर गावाच्या खाली बांधा, आणि भिंतीच्या एका कडेला दगडाचा उतार ठेवा, मळ्या-मुऱ्याला चढून जाता येईल असा. चार ब्रास दगड लागतील, ते मी माझ्या बैलगाडीनं आणून टाकतो. मृग ते आषाढ चढणीचा मासा धरायचा नाही असा ठराव करा, आणि त्या दोन महिन्यांत कातकरी वाडीला रोजगार हमीचं काम द्या, नाहीतर तो ठराव म्हणजे फक्त त्यांच्या हंडीवर झाकण. टीसीएलची चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं ठेवा, पोरांकडं नको.

ठरावाचा कागद अजून सह्यांना फिरतो आहे. माझ्याकडं दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी चहा पाजून परत पाठवला. परवा तो पोरगा येऊन सांगत होता, आतापर्यंत एकोणीस घरांनी सही केलेली नाही, आणि त्याच्या चुलत्याचं घर अजून बोलणीत आहे.